सगळीकडे तेजरामचं अक्षर

मोबाइलच्या काचेवर स्वतःचं अक्षर दिसलं तेव्हा तेजरामने आधी चष्म्यावर संशय घेतला. चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, पुन्हा नाकावर चढवला. तरी अक्षर तेच. 'नमस्कार' लिहिलं होतं. त्यातला 'म' पोट सुटलेला, 'स' आणि 'क' एकमेकांना चिकटायला लाजणारे, आणि शेवटचा 'र' भिंतीला टेकून बसल्यासारखा मागे रेललेला. असा 'र' अख्ख्या बालाघाटात दुसरं कोणी काढत नव्हतं. काढायचं कारणही नव्हतं. लहानपणी शाळेत गेलेल्या माणसाचा 'र' सरळ उभा राहतो.

"दिसलं का बाबा?" स्पीकरवरून कुशलचा आवाज आला. कुशल म्हणजे तेजरामचा एकुलता एक मुलगा. तो हैदराबादला मोबाइलची ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होता.

"दिसलं. पन मी तं हे लिहिलं नाई."

"अक्षरं तुमची. शब्द मी जोडले."

"म्हंजे विटा माह्या अन् घर तुहं."

कुशल खळखळून हसला. ते हसू ऐकून तेजरामला वाटलं, अजून एखादं बोलावं. पण तेवढ्यात तिकडे कोणीतरी कुशलला हाक मारली आणि फोन बंद झाला.

तेजराम उकव्याच्या खाणीत मालातून खडा वेचायच्या कामावर होता. मँगनीजचा काळा दगड इकडे, फुकटचा दगड तिकडे. अर्धं आयुष्य त्यात गेलं. अक्षराशी गाठ पडली नाही ती नाहीच. केस पिकायला लागले तेव्हा खाणीच्या वस्तीत प्रौढांचा वर्ग उघडला. "पोरगा साळेत जाते, अन् त्याच्या पुस्तकात काय हाय ते बापाले समजू नये का?" असं म्हणून बायकोने, शेवंताने, त्याला अक्षरशः ढकलून पाठवलं. तेजराम अक्षर शिकला, पण दगड रचावा तसं. एक ठेवायचं, हलत नाही ना ते पाहायचं, मग दुसरं ठेवायचं. त्याचा हात पुढे कधी धावता झालाच नाही. शेवंता गेली, नोकरी संपली, तो बालाघाटला बस स्टँडमागच्या दोन खोल्यांत येऊन राहिला, तरी अक्षर तसंच जड, सुटं सुटं आणि मोठं राहिलं.

या अक्षराचं नशीब असं की कुशलच्या कंपनीला एका संस्थेचं काम मिळालं. ही संस्था मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांत मोठ्या माणसांना वाचायला शिकवायची. त्यांना एक ॲप हवं होतं. बसची वेळ, बाजाराचा दिवस, हवापाणी, औषधाची आठवण, आणि एकमेकांना निरोप धाडायची जागा. पण छापील अक्षर पाहून नवशिके अडखळत. एक दिवस कुशलने बापाने लिहिलेलं किराणा सामानाचं चिठोरं गंमत म्हणून ऑफिसात दाखवलं. संस्थेच्या बाईंनी ते गावातल्या बायकांपुढे ठेवलं, तर त्या भराभर वाचायला लागल्या. 'डाळ, तेल, साबन, उदबत्ती.' मग ठरलं की ॲपमध्ये अक्षर चढवायचं ते हेच.

त्यासाठी कुशल दिवाळीत चौकटींचे कागद घेऊन आला होता. खाटेवर बापाच्या मांडीला मांडी लावून बसायचा. तेजरामने अक्षर काढायचं, कुशलने त्याचा फोटो घ्यायचा. 'ळ'वर गाडी अडली, कारण वर्ग हिंदीत होता आणि हिंदीत 'ळ' शिकवलाच नव्हता. तेजरामने तो गोंदियाहून आणलेल्या कॅलेंडरवरून पाहून पाहून आपल्याच मनाने बसवला होता.

"बाबा, हा 'ळ' आहे की जिलेबी?"

"खाऊन पाय, मंग समजन."

असे दिवस. बाप लिहायचा आणि लेक शेजारी बसायचा. याच्या आधी असं कधी झालं होतं ते तेजरामला आठवेना. शेवंता असताना दोघांचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. ती गेल्यावर ते कोणामार्फत करायचं हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

कुशल परत गेला. आणि थंडी पडायला लागली तसं ॲप आलं.

"आता तुमचं काम सुरू," कुशलने सांगितलं. "सगळं उघडून पाहायचं. जिथं अक्षर तुमचं नाही, साधं छापील आहे, तिथं फोटो काढून मले पाठवायचा. एक बी सुटलं नाही पाहिजे. अर्धं तुमचं अन् अर्धं छापील दिसलं तं लोक गोंधळतात."

म्हणजे पुन्हा खडा वेचायचंच काम. तेजराम सकाळी अंघोळ करून, चहा घेऊन, उन्हात खुर्ची टाकून बसायला लागला. आणि खडे सापडायला लागले. बसच्या पानावर गावांची नावं त्याच्या अक्षरात होती, 'कटंगी', 'किरनापुर', पण वेळेचे आकडे छापील. 'पुढे चला'चं बटण त्याचं, पण त्याखालचं 'रद्द करा' परकं. चूक झाली की मध्येच एक चौकट उसळून वर यायची, तीही परकी. 'ज्ञ' तर कुठेच त्याचा नव्हता. तो लिहायचाच राहिला होता.

प्रत्येक फोटोमागे फोन यायचा. तेजरामला हवं होतं ते हेच.

"अरे यार बाबा, हे पण राह्यलं?"

"राह्यलं. म्या काय करू?"

"बरं, ठीक. जेवले का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"मैनाबाईनं चीले देल्ले होते."

एवढंच बोलणं, पण रोजचं. कधी दिवसातून दोनदा. आधी महिन्यात एखादा फोन यायचा, तोही पैसे पोचले का विचारायला. तेजरामला वाटायचं, अजून खूप ठिकाणी राहिलेलं असावं. देव करो आणि ॲप मोठं असो.

शेजारची मैनाबाई रिकामं ताट न्यायला यायची. तिला वाचता येत होतं, पण वाचायला वेळ नसतो असं तिचं म्हणणं. एकदा ती आली तेव्हाच फोन किणकिणला आणि काचेवर उमटलं, 'औषध घ्या.'

"कोनं लिहिलं हे?" तिने वाकून पाहिलं.

"मीच."

"तुमीच लिहिता अन् तुमालेच सांगता?" मैनाबाई पदर तोंडाला लावून हसली. "बाप्पा रे भाऊजी, घरात कोनी नसलं म्हनजे मानूस असंच करते. माही सासू भिंतीशी भांडत होती."

तेजरामही हसला. पण ती गेल्यावर गोळी तोंडात धरून तो बराच वेळ त्या दोन शब्दांकडे पाहत राहिला. गोळी विरघळून कडू झाली तेव्हा त्याला पाण्याची आठवण झाली.

मग एक दिवस कुशल फोनवर मोठ्या खुशीत म्हणाला, "बाबा, तोड सापडली. मी येड्यासारखा एकेका पाटीला वेगळं सांगत होतो, तू बाबाचं अक्षर घे, तू बाबाचं अक्षर घे. म्हणून कोणी ना कोणी सुटायचं. आता एकाच जागी सांगून ठेवलं. जे काही लिहिलेलं असेल ते तिथंच विचारून येईल. 'ज्ञ' बी तुमच्याच 'ज' अन् 'ञ'पासून जुळवून टाकला. आता पाहा."

तेजरामने पाहिलं. आकडे त्याचे. 'रद्द करा' त्याचं. उसळून येणारी चौकटसुद्धा त्याची. 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' असं तोच त्याला सांगत होता. सकाळभर उलथंपालथं केलं, एक खडा सापडेना. दुपार झाली. फोन वाजला नाही. वाजणार कशाला? पाठवायला फोटोच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने निरोपाचं पान उघडलं. तिथे तो फारसा जात नसे, निरोप धाडणारं कोणी नव्हतं म्हणून. पण तपासणीसाठी कुशलने एक टाकून ठेवला होता:

'बाबा, थंडी पडली का तिकडे? स्वेटर घालता का?'

आणि हे अक्षर छापील होतं. बारीक, सरळ, एकसारखं. वरचं 'निरोप' हे नाव तेजरामच्या हातचं, खालचं 'पाठवा' तेजरामच्या हातचं, आणि मधोमध हे वाक्य कोणा दुसऱ्याचं.

फोटो काढायला त्याने बोट उचललं. उचललेलं बोट तसंच राहिलं.

त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. छापील अक्षर वाचायला त्याला वेळ लागायचा, ओठ हलवावे लागायचे. पण ओठ हलवताना कुशलचा आवाज येत होता. घरातल्या सगळ्या शब्दांत हा एकच शब्दांचा घोळका बाहेरून आलेला होता, चपला दारात काढून आत आल्यासारखा. याचा फोटो पाठवला की उद्या हाही आपल्यासारखा होणार.

तेजरामने फोटो काढला नाही. त्याने कष्टाने एकेक अक्षर शोधून उत्तर धाडलं: 'घालतो.' तेही छापीलच उमटलं. तिकडून आलं: 'खोटं. मला माहीत आहे. ट्रंकेत असेल.' तेजराम उठला, ट्रंक उघडली, स्वेटर काढून अंगात घातला आणि पुन्हा येऊन बसला, जणू पोरगा दारातून पाहत होता.

चार-पाच दिवस तो असा चोरून वाचत राहिला. संध्याकाळी एखादा निरोप यायचा. 'आज भात करपला.' 'इथं पाऊस येऊन गेला, अवेळीच.' तेजराम वाचायचा आणि फोन उशीशी ठेवायचा.

शनिवारी कुशलचा फोन आला. आवाजात घाई होती.

"बाबा, सोमवारी संस्थेची मंडळी पाहायला येताहेत. त्यांची एकच अट, अक्षर सगळीकडे सारखं पाहिजे. आमच्या साहेबासमोर मी छातीठोक सांगितलं, माझ्या बापानं स्वतः तपासलंय. तुमी पाहिलं ना सगळं?"

"पाह्यलं."

"काही राह्यलं नाही ना?"

तेजरामने स्वेटरची बाही खाली ओढली. "नाई," तो म्हणाला.

"बस. तुमी म्हटलं म्हणजे झालं."

फोन ठेवल्यावर तेजराम उगाच काली पुतली चौकापर्यंत चालत गेला आणि तसाच परत आला. दुकानांच्या पाट्या त्याने नेहमीप्रमाणे वाचल्या नाहीत. मनात खाण फिरत होती. तिथली एक रीत होती. वेचलेला माल भरून गाडी जायची आणि वजनकाट्यापाशी फुकटचा दगड निघाला की गाडी तशीच परत यायची. मग मुकादम सगळ्यांना गोळा करून विचारायचा, हा ढीग कोणाचा? ज्याचा असेल त्याने पुढे यायचं. शिवी नाही, दंड नाही. नुसतं सगळ्यांसमोर पुढे येऊन उभं राहायचं. तेजराम अख्ख्या नोकरीत कधी पुढे आला नव्हता. आता सोमवारी हैदराबादेत ढीग विचारला जाणार होता आणि पुढे जाऊन उभा राहणार होता कुशल.

रविवारी सकाळी उन्हात खुर्ची टाकायच्या आधीच त्याने निरोपाचं पान उघडलं. कुशलचे सगळे निरोप वरपासून खालपर्यंत एकदा वाचले. ओठ हलवून, सावकाश. मग फोटो काढला आणि पाठवून दिला.

फोन लगेच वाजला.

"बाबा! निरोपाचं पान! हे तर मोठंच राह्यलं की. निरोपाची चौकट दुसऱ्या पोरानं बनवली होती, त्यानं आपलंच अक्षर घातलं, माझ्या एका जागेला विचारतच नाही ती." मग तो थांबला. "पण आपण तिथं रोज लिहून राह्यलो होतो. माझ्याकडं कॉम्प्युटरवर सगळं छापीलच दिसतं, पण तुमाले दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"तू आधी ते कर," तेजराम म्हणाला. "कामाचा खोळंबा नको."

दुपारपर्यंत झालं. ॲप स्वतःच बंद होऊन पुन्हा उघडलं. निरोपाच्या पानावर नवा निरोप आला होता: 'बाबा, झालं. बरं झालं तुम्ही पाठवलं. नाहीतर उद्या माझी इज्जत गेली असती.' पोट सुटलेला 'म', रेललेला 'र', जिलेबीसारखा 'ळ'. आणि फक्त नवाच नव्हे, जुनेही सगळे बदलले होते. स्वेटर, करपलेला भात, अवेळी आलेला पाऊस. सगळं तेजरामनेच तेजरामला लिहिलेलं.

मैनाबाई आली तेव्हा त्याने फोन तिच्या हातात दिला. "वाचून पाय बरं."

तिने वाचलं. थोडं वर सरकवून, थोडं खाली सरकवून. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"भाऊजी, याच्यात इचारते कोन अन् सांगते कोन?"

तेजरामने फोन परत घेतला. या खेपेला ती हसली नाही. ताट घेऊन जाताना दार हळूच ओढून गेली.

सोमवार गेला. कुशलचा निरोप आला की मंडळी खूश आहेत, संक्रांतीच्या आसपास ॲप गावोगावी जाईल. तेजरामने वाचलं आणि त्याला ना आनंद झाला ना दुःख. आपणच आपली पाठ थोपटल्यासारखं वाटलं. त्याने उत्तर लिहायला घेतलं, दोन शब्द लिहिले, पाहिले, पुसले. मग त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं. कुशल कामात असेल, झोपला असेल, रागावेल, असं म्हणून तो आपणहून फोन कधी लावत नसे. त्या संध्याकाळी लावला.

"काय झालं बाबा? तब्येत?"

"तब्येतीले काय धाड भरली? असाच केला."

'असाच' केलेल्या फोनवर काय बोलतात हे त्या पोरालाही माहीत नव्हतं.

"आता काही राह्यलंय का?" कुशलने विचारलं. "अक्षराचं?"

"नाई. सगळं सारखं हाय. डोळे दुखतीन इतकं सारखं हाय." तेजरामने श्वास घेतला. "कुशल, ते निरोपाचं म्या मुद्दाम ठेवलं होतं."

"काहून?" पोराच्या तोंडून नकळत घरचा शब्द निघाला.

"तू लिहितो अन् मले वाटते मीच लिहिलं. तू स्वेटर घाला म्हनतो, अन् मले वाटते मीच मले म्हनून राह्यलो. मंग कोन घालते?"

मग कुशल हळूच म्हणाला, "ते आता बदलता येणार नाही बाबा. मंजूर झालं. लोकांना तेच आवडलंय."

"बदलू नको. मी कोठं म्हनलो बदल?"

तेजरामला भीती वाटली की आता हा 'बरं' म्हणेल आणि ठेवेल. काहीतरी विचारायला हवं होतं. जेवलास का, हे विचारून झालं असतं, पण त्याचं उत्तर एका शब्दात संपतं. त्याच्या तोंडात आलं ते त्याने विचारलं.

"तुह्या खोलीसमोर काय हाय?"

"समोर? दुकानं आहेत. रस्ता."

"दुकानाच्या पाटीवर काय लिहिलं हाय?"

"माहीत नाही. तेलुगूत आहे."

"तुले वाचता येत नाई?"

"कुठून येणार? ऑफिसात सगळं इंग्रजीत. बाहेर आलो की अंगठाछाप." तो हसला, पण ते हसू लवकर विझलं. "बसवरची पाटी बी कधी कधी वाचता येत नाही. आकडा पाहून चढतो."

"अन् दुकान कसं वळखतो?"

"रंगावरून. हिरवं शटर म्हणजे दूध. लाल पाटीवाला औषधं देतो."

तेजराम खाटेवर नीट बसला. पाठीमागे उशी घेतली. "अन् चुकलं म्हनजे?"

"चुकलं म्हणजे काय... एकदा मिठाऐवजी काहीतरी दुसरंच आणलं. भाजी टाकून द्यावी लागली. कोणाला सांगणार?"

"मले सांगायचं होतं. म्या उकव्याले असताना गोड्या तेलाच्या पिपातून..." तो थांबला, तेवढ्यात हसू आलं. "जाऊ दे, ते लांबचं हाय. मंग सांगतो. पहिले हे सांग, तुह्या त्या लाल पाटीवर पहिलं अक्षर कसं हाय?"

"कसं म्हणजे... गोल आहे. वर टिक केल्यासारखं. पोटात एक रेघ."

तेजरामने गोधडीवर बोटाने गोल काढला, वर टिक केली, पोटात रेघ ओढली. काय झालं ते त्याला कळलं नाही. गोधडीवर काही उमटलंही नाही.

"काय म्हनत असन ते?"

"देव जाणे. औषध म्हणत असेल."

"नाव बी असन मालकाचं. त्याच्या मायचं असन. तू तेथं राह्यतो, तुले माहीत नको?"

"खाली जाऊन विचारू का?" कुशल म्हणाला. "तो म्हातारा अजून बसलेला असतो दुकानात. मोडकीतोडकी हिंदी येते त्याला."

"जाय. इचार."

"मग ठेवतो अन् परत करतो."

"ठेवू नको," तेजराम म्हणाला. "तू जाय. मी धरून हाय."

दार उघडल्याचा आवाज आला. मग जिना, पायांचा धपधप आवाज, एका मजल्यावर कोणाचा तरी टीव्ही. मग रस्ता एकदम कानात शिरला, गाड्या, हॉर्न, आणि कोणाची तरी हाक, ज्यातला एकही शब्द तेजरामला कळत नव्हता. त्याने फोन कानाला घट्ट दाबून धरला.